तोंडाचे आणि पोटाचे नेहमीचे आजार



या वेळच्या भित्तीपत्रकासाठी गुरुजींनी मला आरोग्यावर लिहायला सांगितलं. मी तोंडाचे आणि पोटाचे आजार हा विषय घेतला. आमच्या वर्गात कुणी गैरहजर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कारण विचारलं, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "गुरुजी, पोट दुखत होतं." "गुरुजी, जुलाब लागले होते." नाहीतर "गुरुजी, दाढ ठणकत होती."

दुसरं कारण असं, की दसरा झाला की आपल्या गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. माझे आईबाबाही जातात. मी आज्जीजवळ राहते, पण धाकट्या लेकरांना बरोबर न्यावंच लागतं. फडावर दवाखाना लांब असतो आणि पाणी मिळेल ते प्यावं लागतं. म्हणून जाणाऱ्यांनी तरी हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

ही माहिती मी परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून, गुरुजींकडून, उपकेंद्राच्या सिस्टरकडून आणि आशाताईंकडून गोळा केली आहे.

अन्नाचा प्रवास

आपण भाकरीचा घास तोंडात घालतो. दात तो बारीक करतात. तोंडातल्या लाळेनं तो मऊ होतो. भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते, हे करून पाहा. लाळेमुळे पिठाची साखर व्हायला तोंडातच सुरुवात होते, म्हणून ती गोड लागते. पुढे घास अन्ननलिकेतून जठरात जातो. जठर अन्न घुसळतं आणि त्यातला आंबट रस बरेच जंतू मारतो. मग अन्न लहान आतड्यात जातं. मोठ्या माणसाचं लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं. म्हणजे आपल्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचेल एवढं. तिथं अन्नातलं सत्त्व रक्तात जातं. राहिलेल्या चोथ्यातलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं आणि उरलेला मळ बाहेर पडतो.

या वाटेवर कुठंही बिघाड झाला की आपण आजारी पडतो. त्यातले बरेचसे बिघाड तोंडातून आत गेलेल्या वस्तूंमुळेच होतात.

तोंडाचे आजार

१. दात किडणे. दाताला कीड लागते म्हणजे अळी लागते, असं पुष्कळ लोक समजतात. पण दातात अळी नसते. गोळ्या, बिस्किटं, गुळाचे खडे खाल्ले की त्यांचा अंश दाताच्या फटीत अडकून राहतो. तोंडातले जंतू ती साखर खातात आणि आंबट द्रव तयार करतात. त्या आंबटपणानं दाताचं वरचं कठीण कवच हळूहळू झिजतं आणि खड्डा पडतो.

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. अंड्याचं टरफल लिंबाच्या रसात ठेवलं. लगेच बारीक बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी टरफल पातळ आणि मऊ पडलं होतं. दाताचंही काहीसं तसंच होतं, फक्त त्याला खूप दिवस लागतात.

दुधाचे दात वीस असतात आणि पक्के दात बत्तीस. पण एक गोष्ट आपल्या घरी फारशी कुणाला ठाऊक नसते. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागं एक नवी दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरचे लोक तिला दुधाची दाढ समजतात आणि किडली तरी "पडंल आपोआप" म्हणतात. ती पक्की दाढ असते. ती पडली तर पुन्हा येत नाही. पहिलीतल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

उपाय सोपा आहे. सकाळी आणि रात्री झोपताना दात घासावेत. रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. जेवण झालं की खळखळून चूळ भरावी. राखेनं आणि विटेच्या भुकटीनं दात घासू नयेत, कवच घासून जातं.

२. दातावर पिवळे-तपकिरी डाग. काही मुलांच्या दातांवर घासूनही न जाणारे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग असतात. त्यांना कुणी "दात घासत नाही" म्हणून चिडवू नये. आपल्या बीड जिल्ह्यात पाऊस कमी पडतो. विहिरी आटल्या की लोक खोल बोअर घेतात. जिल्ह्यातल्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त असतो. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी पिण्याला चांगलं नाही. लहानपणी हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असताना असं पाणी पोटात गेलं, तर दातांवर कायमचे डाग पडतात. खूप वर्षं प्यायलं तर हाडं आणि सांधेही दुखू लागतात.

पाणी उकळलं की जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण थोडं वाढतं. म्हणून बोअरचं पाणी तपासून घ्यावं आणि दोष निघाला तर प्यायला धरणाचं, तपासलेल्या विहिरीचं किंवा फ्लोराइड काढणाऱ्या यंत्राचं पाणी वापरावं. तपासणीसाठी पालकांनी ग्रामपंचायतीत विचारावं.

३. तोंड येणे. जिभेवर, गालाच्या आत लाल-पांढरे फोड येतात आणि तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. कधी दात लागून जखम होते, कधी पोटात पालेभाजी, दूध, ताक कमी गेल्यामुळे होतं. ओठांचे कोपरे चिरतात तेव्हा बहुधा जीवनसत्त्व 'ब' किंवा लोह कमी पडलेलं असतं. पालक, मेथी, शेंगदाणे, मोड आलेली मटकी खावी. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या कराव्यात. फोड आठ-दहा दिवसांत बरे होतात. दोन आठवडे झाले तरी एखादी जखम भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

४. हिरड्यांतून रक्त येणे. दातांच्या मुळाशी घाण साचली की हिरड्या सुजतात. रक्त येतं म्हणून आपण घासणं बंद करतो, त्यानं आजार वाढतो. मऊ ब्रशनं हळूहळू घासत राहावं. पेरू, आवळा, लिंबू, चिंच-बोरांच्या दिवसांत बोरं खावीत. आवळ्यात आणि पेरूत जीवनसत्त्व 'क' भरपूर असतं आणि ते हिरड्यांना बळ देतं.

५. तंबाखू, मशेरी आणि गुटखा. हा भाग लिहिताना आज्जी माझ्या शेजारीच बसली होती. आमची आज्जी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते आणि त्या मशेरीनं दात घासते. "मशेरीनं दात बळकट राहतात आणि सकाळी पोट साफ होतं," असं ती म्हणते. सिस्टरनी आम्हाला सांगितलं, की भाजली तरी ती तंबाखूच असते. तिच्यातलं विष तोंडाच्या कातडीत मुरतं. आधी पांढरा किंवा लाल चट्टा येतो, दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग फार आढळतो.

सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहावीत. ती मावत नसतील तर लगेच दवाखान्यात जावं. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कुणालाच विकता येत नाही. म्हणून "जा रं, एक पुडी घेऊन ये" असं मोठ्यांनी आपल्याला सांगू नये, ही नम्र विनंती.

आज्जी म्हणाली, "साठ वर्षांची सवय हाय माय, एका दिवसात कशी सुटंल?" मी म्हटलं, रात्रीची तरी बंद कर. ती रात्रीची बंद करून पाहते म्हणाली. तोंड दाखवायला ती पुढच्या आठवड्यात सिस्टरकडे येणार आहे. कुणाला अशी मोठी तपासणी लागली तर आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे.

पोटाचे आजार

१. जंत. जंत गोड खाल्ल्यानं होतात असं म्हणतात, ते खरं नाही. जंतांची अंडी उघड्यावरच्या शौचातून मातीत मिसळतात. मातीत खेळलेल्या हातानं आपण खातो, न धुतलेलं गाजर खातो, आणि अंडी पोटात जातात. हुकवर्म नावाचा जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. मग मूल पिवळं पडतं, थकतं, अभ्यासात लक्ष लागत नाही.

२०१५ सालापासून शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिन असतो. त्या दिवशी अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. काही मुलं ती जिभेखाली लपवून बाहेर थुंकतात. तसं करू नये. आणि चप्पल घालून शेतात जावं.

२. बद्धकोष्ठता. म्हणजे कोठा साफ न होणे. पाणी कमी पिणं, भाजी न खाणं आणि शौचाला लागलेलं दाबून धरणं ही याची कारणं. शाळेत असताना पुष्कळ मुली दिवसभर दाबून धरतात. त्यामुळे मळ कडक होतो, पोट दुखतं, रक्तही पडतं. लाजू नये, बाईंना सांगून जावं. ज्वारीची भाकरी न चाळलेल्या पिठाची खावी, कोंड्यानं पोट साफ राहतं.

३. आम्लपित्त. छातीत जळजळ, आंबट ढेकर. फडावर पहाटे उठून नुसता चहा आणि तंबाखूवर काम सुरू होतं, त्यानं पित्त वाढतं. पोटात आधी थोडी भाकरी घालावी. घरात कुणाचं वारंवार दुखत असेल तर रोज दुकानातली गोळी न घेता तपासून घ्यावं. बेंबीपासून उजव्या बाजूला खाली सरकत जाणारं, वाढत जाणारं दुखणं असेल तर पोट चोळू नये, शेकू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. ते आंत्रपुच्छाचं दुखणं असू शकतं.

४. कावीळ. डोळे पिवळे, लघवी गडद पिवळी, भूक मेलेली. घाण पाण्यातून येणारी कावीळ यकृताला होते. पुष्कळ लोक माळ घालून कावीळ उतरवतात. ही कावीळ विश्रांतीनं पुष्कळदा आपोआप बरी होते, म्हणून माळेचं नाव होतं. पण गरोदर बाईला ती फार धोक्याची असते. तिला तर एक दिवसही घरी ठेवू नये.

५. जुलाब, हगवण आणि पटकी. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं शौचाला झालं म्हणजे जुलाब. शौचातून रक्त आणि शेंब पडली तर आव. तांदळाच्या धुवणासारखं पांढरट पाणी धो धो गेलं तर पटकी, म्हणजे कॉलरा. पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा कोप झाला म्हणत आणि गाडा गावाबाहेर नेऊन सोडत. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनी कलकत्त्याला पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला. जंतू तिथल्या तलावाच्या पाण्यातही सापडला. त्याच तलावाचं पाणी लोक पीत होते आणि त्यातच धुणं धूत होते.

जुलाबानं मूल दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. म्हणून गेलेलं पाणी आणि मीठ परत भरणं हा पहिला उपाय.

जलसंजीवनीची गोष्ट

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी लाखो लोक घरदार सोडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ सुरू झाली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तिथं डॉ. दिलीप महलनाबिस होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरून ठेवली आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला लावलं. आधी शंभर रोग्यांतले सुमारे तीस दगावत होते. त्यांच्याकडे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. महलनाबिस २०२२ साली वारले. २०२३ साली सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

नुसतं पाणी का चालत नाही, असं मी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, जुलाबात आतडं नुसतं मीठ नीट ओढून घेत नाही. पण साखर बरोबर असली की दोन्ही मिळून आत जातात आणि त्यांच्या मागं पाणीही आत जातं. म्हणून साखर आणि मीठ दोन्ही पाहिजेत.

मागच्या हंगामात फडावर माझ्या चुलतभावाला जुलाब लागले. तो दीड वर्षाचा होता. "पाणी पाजलं की आणखी होतंय," असं टोळीतल्या कुणीतरी काकूला सांगितलं. काकूनं दिवसभर पाणी तोडलं. संध्याकाळी बाळाचे डोळे आत गेले आणि ते मान टाकायला लागलं. शेजारच्या कोपीतल्या एका बाईला साखर-मिठाचं पाणी करायची रीत माहीत होती. तिनं आणि काकूनं रात्रभर चमच्या-चमच्यानं पाजलं. ओकलं की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पाजायचं. उजाडताच मुकादमाच्या गाडीनं दवाखान्यात नेलं. भाऊ वाचला. आता तो अंगणात कोंबड्यांच्या मागं पळतो. त्या बाईला ती रीत माहीत नसती तर काय झालं असतं, असं काकू अजून म्हणते.

रीत अशी आहे

जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची पुडी आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाएवढ्या स्वच्छ पाण्यात पूर्ण पुडी एकदम टाकावी. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असं करू नये.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्यावं. फडावर माप नसतं, तेव्हा पाण्याची एक लिटरची बाटली हेच माप. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावं. आधी चाखून पाहावं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्यावं, जास्त मीठ बाळाला बाधतं. केलेलं पाणी झाकून ठेवावं आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यावं.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला पाजावं. आईचं दूध बंद करू नये. जेवणही बंद करू नये. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक द्यावं. झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्याव्यात.

पुढची लक्षणं दिसली तर पाणी पाजत-पाजत दवाखान्यात न्यावं. डोळे खोल गेले. रडताना पाणी येत नाही. लघवी होत नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लवकर बसत नाही. मूल सुस्त पडलं किंवा पाणी पिईना. शौचातून रक्त पडलं. १०८ नंबरला फोन केला की गाडी येते, तिला पैसे पडत नाहीत.

आजार येऊच नये म्हणून

आम्ही हातांना रांगोळीचा रंग लावून पाहिला. नुसत्या पाण्यानं धुतलेल्या हाताच्या नखांत आणि बोटांच्या बेचक्यांत रंग राहिला. साबणानं चोळून धुतलेला हात स्वच्छ झाला. जंतू रंगासारखे दिसत नाहीत, एवढाच फरक. म्हणून शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर आणि भाकरी थापण्याआधी साबणानं हात धुवावेत.

पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. गाळलेलं पाणी खळखळ उकळावं, नाहीतर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढेच टाकून अर्धा तास थांबावं. हंड्यात हात बुडवू नये, दांड्याचं ओगराळं वापरावं. बाळाची शी उघड्यावर न टाकता पुरावी. बाळाला रोटाव्हायरसचे डोस वेळेवर द्यावेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांसाठी

बिऱ्हाड बांधताना या वस्तू आठवणीनं घ्या: ओआरएसच्या दहा पुड्या, झिंकच्या गोळ्या, क्लोरीनची बाटली, साबण, झाकणाचा हंडा, ओगराळं, एक लिटरची रिकामी बाटली, चहाचा एक चमचा आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड. कार्ड दाखवलं की दुसऱ्या गावातही राहिलेली लस मिळते.

आम्ही चौथीच्या मुलामुलींनी साखर-मिठाच्या पाण्याची रीत मोठ्या अक्षरात चाळीस कागदांवर लिहिली आहे. ते कागद या भित्तीपत्रकाखालच्या खोक्यात ठेवले आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवू आणि पाठ करून घेऊ. ज्या घरचं लेकरू फडावर जाणार आहे, त्यांनी एक कागद जरूर न्यावा आणि कोपीच्या आत चिकटवून ठेवावा.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. बीड